बेंड पाइपचे दोन नट: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

मोटारसायकलचा थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतोय. इंजिन गार असताना जास्त, तापलं की थोडा कमी. खाली वाकून बघितलं तर बेंड पाइप (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाइप) जिथे हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला मिळतो तिथे, फ्लँजच्या म्हणजे पाइपाच्या तोंडावरच्या चपट्या कड्याच्या खालच्या कडेला काजळीचा काळा फराटा. म्हणजे पॅकिंग, जोडातली तांब्याची रिंग, गेलंय. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, थ्रॉटल बंद करताना न जळता आलेल्या पेट्रोलला ती पाइपात गाठते आणि भडका सायलेन्सरमध्ये उडतो. आवाज त्याचाच.

काम म्हणाल तर किरकोळ. दोन नट काढा, पाइप ओढा, तांब्याची रिंग बदला, नट परत लावा. पण नट बघितल्यावर किरकोळ हा शब्द मागे घेतला. एका सिलिंडरचं, वाऱ्यावर गार होणारं इंजिन. हेडमधून एम ८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे, दोन स्टड (डोकं नसलेले आट्यांचे दांडे) बाहेर येतात आणि ते बरोबर पुढच्या चाकाच्या मागे आहेत. चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल सगळा त्यांच्यावर, आणि तोही लालबुंद व्हायला निघालेल्या पाइपाशेजारी. तापणं, भिजणं, पुन्हा तापणं. गाडीवर यापेक्षा गंजायला सोयीची जागा नाही. डावा नट निदान नटासारखा दिसतो. उजव्याचे कोपरे गंजून गोलसर झालेत, १३ चा सॉकेट त्यावर खुळखुळतो.

पाना लावायच्या आधीच ठरवून टाकलं की यात काय गमावायची तयारी आहे आणि कोणत्या क्रमाने. आधी नट. तो मोडला, कापला, जळला तरी काही बिघडत नाही. मग स्टड. त्यानंतर वेळ आलीच तर पाइपाचा फ्लँज. हेड कधीच नाही. हेडमधले आटे ॲल्युमिनियमचे आहेत, स्टड आणि नट पोलादाचे. भांडण लागलं तर मऊ धातू हरतो, आणि इथे नेमका मऊ धातूच सगळ्यात महाग. पुढचं सगळं काम या क्रमाने करणार.

वायर ब्रशने दोन्ही नट आणि स्टडची उघडी टोकं घासून काढली. गंजाची साल निघेपर्यंत तेल मारण्यात अर्थ नाही, ते सालीतच मुरतं. मग पेनिट्रेटिंग ऑइल, जाम आट्यांत मुरणारं पातळ तेल. नटाच्या वरून, आणि नट फ्लँजला टेकतो त्या फटीत.

५ ऑक्टोबर

पुन्हा तेल. हातोडीने नटाच्या कडांवर हलके टोले, जोराचे नाहीत, नुसती टकटक. त्याने गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला आत जायला वाट मिळते.

कोणतं तेल चांगलं यावर लोक तासन्‌तास बोलतात. डब्ल्यूडी-४० बहुतेक सगळ्यांकडे असतंच, पण त्याच्या नावातले डब्ल्यू आणि डी ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ म्हणजे पाणी हटवण्यातून आलेत. मूळ काम ते. जाम नटासाठी त्याहून पातळ आणि हळू उडणारं काहीतरी हवं. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळणारे बरेच आहेत. काम करतं, पण दोन्ही लगेच वेगळे होतात, दर वेळी हलवावं लागतं, आणि अॅसिटोनची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. नंतर गॅसचा टॉर्च वापरायचा असेल तर मी ते गाडीजवळ आणत नाही. माझं मत विचाराल तर तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा ते किती वेळ मुरू दिलं हे जास्त महत्त्वाचं. आणि या दोघांपेक्षा उष्णता.

८ ऑक्टोबर

डावा नट आज निघाला.

आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, कार्ब्युरेटर रिकामा केला, नटावरचं तेल फडक्याने टिपून घेतलं. अग्निशामक हाताशी. टॉर्च पेटवायच्या आधी हे सगळं.

उष्णता कुठे द्यायची हा खरा प्रश्न. इथे जोड दोन आहेत आणि दोन्ही जाम असू शकतात. एक नट आणि स्टडमधला, पोलाद आणि पोलाद. दुसरा स्टड आणि हेडमधला, पोलाद आणि ॲल्युमिनियम. दोन्हींचं गणित वेगळं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम साधारण २३. म्हणजे हेड आणि स्टड दोन्ही सारखे १५० अंशांनी तापले, तर ८ मिलिमीटरच्या भोकात स्टडच्या मानाने १३ मायक्रॉन जागा जास्त होते. केसाच्या जाडीचा पाचवा-सहावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. नट आणि स्टडच्या जोडाला मात्र हा फायदा मिळत नाही. दोघंही पोलाद, दोघंही सारखेच फुगणार. तिथे नट स्टडपेक्षा जास्त गरम हवा, म्हणजे ज्योत बारीक, तेज आणि फक्त नटावर, स्टडपर्यंत उष्णता पोचायच्या आत.

तसंच केलं. ज्योत नटाच्या बाहेरच्या कडांवर फिरवत ठेवली, नट तांबूस दिसायला लागल्यावर बाजूला घेतली. लगेच पाना लावला नाही. रंग उतरला, मग मेणबत्तीचं टोक नट आणि स्टडच्या सांध्यावर टेकवलं. मेण वितळून त्या रेषेत सर्रकन आत शिरलं, धूर निघाला. गरम धातूच्या फटीत मेण असं ओढलं जातं की बघत राहावं. वरून टाकलेलं तेल त्या तापमानाला जळून गेलं असतं. मेण आत जाऊन वंगणाचं काम करतं.

मग सहा कोनी सॉकेट, लांब दांडा. सहा कोनी एवढ्यासाठी की तो नटाच्या सपाट बाजूंवर दाब देतो. बारा कोनी कोपऱ्यांना धरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे तेवढेच सोलून निघतात. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. टक्. पुन्हा थोडं आवळलं, पुन्हा सोडलं. प्रत्येक वेळी जरा पुढे. नट हातात आला तेव्हा स्टड जागचा हललेला नव्हता आणि त्याचे आटे बरे होते. तो स्टड आता मी काढणार नाही. चांगला बसलेला स्टड निव्वळ नवा टाकायच्या हौसेने उपसणं म्हणजे विकतचं दुखणं.

११ ऑक्टोबर

उजवा. पूर्ण सकाळ याच्यावर.

१३ चा सॉकेट बसत नव्हता, म्हणून अर्ध्या इंचाचा घेतला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे झिजलेल्या १३ च्या नटावर तो हातोडीने ठोकून घट्ट बसतो. जुना सॉकेट वापरायचा, नंतर नट त्यातून पंचाने ठोकून काढावा लागतो.

ठोकण्याआधी पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढली: स्टडच्या टोकावरून, नटावरून, खाली फ्लँजपर्यंत. सॉकेट लावला की ती दिसत नाही, पण मध्येमध्ये काढून बघता येते. नट फिरला तर नटावरची रेघ स्टडच्या रेघेपासून तुटते. स्टड नटाबरोबर हेडमधून सुटतोय किंवा त्याला पीळ पडतोय, तर नट आणि स्टडच्या रेघा एकत्र राहतात आणि फ्लँजच्या रेघेपासून दूर जातात.

तापवलं, मेण लावलं, दांडा ओढला. दांड्याचं टोक बोटभर सरकलं. सोडल्यावर तेवढंच मागे आलं. पुन्हा तापवून पुन्हा ओढलं, या वेळी सरकलं आणि सगळं मागे आलं नाही. सॉकेट काढून रेघ बघितली: नट आणि स्टड एकत्र, फ्लँजपासून जराशा फिरलेल्या.

इथे हाताला काय लागतं ते नीट लिहून ठेवतो, कारण बहुतेक स्टड या क्षणी तुटतात. आटे सुटतात तेव्हा टक् असा कोरडा झटका बसतो, मग जोर एकदम कमी लागतो आणि पाना खरखरत फिरतो. स्टड नुसता ताणाखाली असेल तर दांडा स्प्रिंगसारखा जातो आणि परत येतो. तिसरा प्रकार धोक्याचा. दांडा फिरतोय, पण जोर वाढत नाही, उलट मऊ लागतो, ना झटका ना खरखर. तो स्टड सुटत नसतो, त्याच्या आत पीळ भरत असतो. पोलाद एकदा त्या हद्दीपलीकडे गेलं की मागे येत नाही. अजून थोडं ओढलं की तुटणार, आणि कुठे तुटेल ते आपल्या हातात नसतं.

मऊपणा नुकता लागायला लागला होता, तिथेच थांबलो. आता नटाचा बळी. नट फोडायचं साधन फ्लँज आणि फिनच्या (हेडवरच्या गार करणाऱ्या पात्यांच्या) मध्ये मावत नव्हतं, म्हणून छोट्या रोटरी टूलला कटिंग डिस्क लावून नटाच्या एका सपाट बाजूवर स्टडला समांतर काप घेतला. मग समोरच्या बाजूलाही. डोळ्यांवर गॉगल, हेडच्या फिनवर पत्र्याचा तुकडा आडवा. काप खोल जाताना तळाशी आट्यांच्या तिरप्या छटा दिसायला लागतात. तिथे डिस्क थांबवायची. बाकीचं काम छिन्नीचं. कापात धार घालून एक टोला, आणि नट उमलला. पकडीने दोन्ही अर्धे उचलून घेतले. आतला भाग गंजाच्या चॉकलेटी भुकटीने भरलेला. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो, त्यामुळे त्या बंद जागेत तो स्वतःच पाचर होऊन बसतो.

१२ ऑक्टोबर

पाइप उतरवला. मागचा फूटरेस्टजवळचा बोल्ट आणि सायलेन्सरचा क्लँप, दोन्ही साध्या पान्याने निघाले. जुनी तांब्याची रिंग चपटी, एका बाजूला जळून कातरलेली. काजळीचा फराटा त्याच बाजूला.

उजवा स्टड आता पूर्ण दिसला. फ्लँजच्या जाडीत जो भाग लपलेला होता तो खाऊन बारीक झालाय, कमरेसारखा. नट निघाला असता तरी यावर नवा आवळण्यात शहाणपण नव्हतं. स्टड बदलायचाच.

दोन नट एकमेकांवर आवळून स्टड फिरवायची नेहमीची युक्ती इथे चालणार नव्हती, कारण टोकाचे आटे मार खाऊन खराब झालेत. हेडचा तो भाग टॉर्चने मोठ्या ज्योतीने सगळीकडून तापवला. ॲल्युमिनियमच्या बाबतीत डोळ्यावर भरवसा ठेवू नये. लोखंडासारखा त्याचा रंग बदलत नाही, लाल न होताच ते वितळायला लागतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर हटकून कमी आकडा दाखवतो, त्यामुळे मी पाण्याच्या थेंबावर जातो. थेंब उकळून जातोय तोवर ठीक. मणी होऊन नाचायला लागला की ज्योत लांब. हेडमध्ये दाबून बसवलेल्या व्हॉल्व्ह सीट आहेत, त्या सैल व्हायला नकोत.

लॉक होणारी पकड स्टडच्या बुडाशी, हेडच्या जितकी जवळ बसेल तितकी. थोडं पुढे, थोडं मागे. स्टड कमरेवर तुटला. हेडच्या बाहेर काही मिलिमीटर खुंट उरलाय. क्रमातला दुसरा गेला. हेड शाबूत.

खुंटाला मधोमध भोक पाडून उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर ठोकायचा पर्याय पुस्तकात पहिला असतो. माझ्या यादीत तो शेवटचा. तुटलेला पृष्ठभाग वाकडातिकडा असतो, ड्रिल घसरतं, आणि एकदा बाजूला गेलं की मऊ ॲल्युमिनियमकडेच पळतं. शिवाय एक्स्ट्रॅक्टर निमुळता असतो, म्हणजे तो खुंटाला आतून फुगवून आणखी घट्ट करतो. आणि तो कडक केलेल्या पोलादाचा. आत तुटला की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. ज्या आट्यांनी पूर्ण जाडीच्या स्टडला सोडलं नाही, ते त्याच्या आतल्या बारीक खुंटीला ऐकतील ही आशा मला पटत नाही.

१८ ऑक्टोबर

वेल्डिंगचा दिवस. हे काम माझ्या हातचं नाही, म्हणून सीओटू वेल्डिंग करणाऱ्या एका ओळखीच्या काकांना बोलावलं.

ते यायच्या आधी मी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या, इग्निशनचं युनिट आणि रेग्युलेटरचे कपलर काढले. पिस्टन अशा ठिकाणी आणला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद, धूर बाहेर पडायच्या पोर्टमध्ये घट्ट बोळा. खुंटाभोवतीचं सगळं तेल पुसलं, नुसत्या अॅसिटोनने, आणि ते उडून गेल्यावर बाटली बाहेर. ब्रेक क्लीनर मुद्दाम टाळला. त्यातल्या क्लोरिनवाल्या प्रकारांची वाफ वेल्डिंगच्या आर्कमध्ये गेली की फॉस्जीन वायू तयार होतो, आणि तो जिवावर बेततो.

काकांचा पहिला प्रश्न, “अर्थ कुठे घेतोयस?” अर्थ म्हणजे वेल्डिंगचा करंट परत नेणारा क्लँप. मी फ्रेमकडे बोट दाखवलं. “नको, हेडवरच घे. नाहीतर करंट बेअरिंगमधून जाईल.” क्लँप खुंटाच्या शेजारच्या फिनवर लागला.

पद्धत अशी. खुंटावर एम ८ चा वॉशर बसवायचा, त्याच्या भोकातून खुंट आणि वॉशर वेल्ड करायचा. वॉशर हेडला झाकतो. तसंही पोलादाची वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, ठिणग्या पडल्या तरी नखाने निघतात. मग वॉशरवर एम १० चा नट ठेवून त्याच्या पोटातून भरायचं. मोठा नट घेतला की गन आत सरळ जाते आणि वेल्ड तळापर्यंत पोचते.

पहिला नट दांडा ओढल्यावर वेल्डमधून उखडला. काकांना त्याचं काही वाटलं नाही. “तापू दे की त्याला पुन्हा.” बरोबर होतं त्यांचं. इथे नट हा फक्त पाना धरायला. खरं काम वेल्डच्या उष्णतेचं. खुंट आतून लाल होतो, फुगायला जागा नसते, म्हणून तो भोवतालच्या गंजाला आणि ॲल्युमिनियमच्या गंजाच्या पांढऱ्या पावडरीला चिरडतो. गार होताना आकसतो, आणि आता चिरडलेल्या थरात त्याला मोकळीक असते. प्रत्येक वेल्ड म्हणजे या चक्राचा एक फेरा. त्यामुळे उखडलेला नट फुकट गेला असं नाही.

खुंट घासून पुन्हा वॉशर, पुन्हा नट. लाली पूर्ण उतरेपर्यंत थांबलो. पाणी मारून गार करायचा मोह होतो, पण तापलेल्या ओतीव हेडवर पाणी म्हणजे तड्याला आमंत्रण. मग मेण. पाना आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या.

टक् झालं नाही. करकरलं. दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा लांब आवाज, आणि पाना आठवा भाग फिरून थांबला. मी मागे घेतला. मेण. पुन्हा पुढे, या वेळी थोडा जास्त. बुडाशी खुंटाच्या कडेने पांढरी पूड वर यायला लागली, बारीक, ओलसर, मेणात मळलेली. ती दिसली की समजायचं, हेडमधला जोड सुटतोय. घाई केली तर हीच पूड आट्यांत पाचर होऊन बसते, म्हणून दर वेळी मागे येऊन तिला जागा करून द्यायची. काका मध्ये एकदाच म्हणाले, “हळू.” बाकी वेळ नुसते बघत होते.

खुंट निघाला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा भुगा आहे, पण हेडचे आटे सोलून आलेले नाहीत.

१९ ऑक्टोबर

भोक साफ केलं. टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवला नाही. टॅप कापतो, आणि इथे कापायचं काही नाही, फक्त खरवडायचं आहे. जुना चांगला एम ८ बोल्ट घेऊन त्याच्या आट्यांना लांबीने खाचा घासल्या आणि तो ग्रीस लावून हाताने आतबाहेर केला. पांढरा लगदा खाचांतून निघत गेला. दर वेळी पुसून पुन्हा.

बाहेरच्या तोंडाचे एक-दोन आटे मेलेत, बाकी चमकदार. ॲल्युमिनियममध्ये स्टड व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आत असावा, म्हणजे एम ८ ला १२ ते १६ मिलिमीटर. तेवढी पकड उरते. नवा स्टड हाताने शेवटपर्यंत गेला, डुगडुगला नाही. तो डुगडुगला असता तर हेलिकॉइल घातला असता, साधारण ८.३ चं भोक पाडून. त्यात कमीपणा काही नाही, पोलादी गुंडाळी बसवलेलं भोक मूळ ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ असतं. पण नसलेल्या दुखण्याला औषध कशाला.

भोक आरपार नाही, म्हणून तळाशी तेल किंवा ग्रीस साचू दिलं नाही. स्टड फिरत खाली जाताना त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि त्या दाबाने हेडला तडा जाऊ शकतो. हवा मारून कोरडं केलं, स्टडच्या आट्यांवर तांब्याच्या अँटीसीझचा (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पातळ हात, आणि तळाला टेकल्यावर जरासा मागे घेतला.

डाव्या स्टडवर एम ८ ची डाय (दांड्यावर आटे पाडायचं हत्यार) फिरवली.

२० ऑक्टोबर

नव्या रिंगला दोन टिपके ग्रीस, म्हणजे पाइप चढवताना ती पडत नाही. सायलेन्सरचे मागचे बोल्ट आधी बोटाने, हेडकडचे दोन नट मग. मागचं आधी आवळलं तर पाइप तिरपा ओढला जातो आणि फ्लँज एका बाजूने टेकतो. पहिल्या पॅकिंगचं बहुतेक तेच झालेलं.

नट पितळेचे घेतले, जरा उंच. पितळ पोलादावर गंजाने चिकटत नाही, आणि कधी जाम झालंच तर तोच पहिला सुटेल किंवा तुटेल. स्टेनलेसचा विचार केला आणि सोडला. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांना असे धरतात की गंजाची वाट बघायचीही गरज उरत नाही.

टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांसाठी दिलाय. पान्याला दिलेल्या जोरातला बहुतांश भाग घर्षणातच जातो, स्टड ताणायला साधारण दहावा हिस्सा उरतो. अँटीसीझने घर्षण घटतं, म्हणजे तोच आकडा ठेवला तर स्टडवरचा ताण बराच वाढतो. म्हणून सुमारे पाव कमी. एकदा डावा, एकदा उजवा, थोडं थोडं, फ्लँज आणि हेडमधली फट दोन्हीकडे सारखी बघत.

इंजिन चालू केल्या केल्या, पाइप तापायच्या आत, जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा नाही.

२६ ऑक्टोबर

आठवडाभर गाडी चालवून झाली. फटफट नाही. थंड इंजिनवर पाना लावला तर दोन्ही नट किंचित पुढे गेले, तांब्याची रिंग दबून बसली एवढंच. काजळी नाही.

फूटरेस्टजवळचा बोल्टही काढून अँटीसीझ लावून बसवला. तो अजून चांगला आहे, पण चाकामागचाच. पुढच्या सर्व्हिसला पितळेचे नट एकदा मुद्दाम सोडून, पुसून परत लावायचे, असं वहीत लिहिलंय.